फळ्यावरचं आभाळ

नानांचा कावळ्यांवर राग होता. कावळ्यानं घरटं झाडाच्या कुठल्या अंगाला बांधलं त्यावरून यंदा पाऊसमान कसं, हे छातीठोकपणे सांगणारे आमच्या गावात पाच-सहा जण तरी होते. त्यातल्या कुणी डेअरीच्या कट्ट्यावर बसून तोंड उघडलं, की नाना हातातला खडू त्याच्यावर रोखायचे. "कावळ्याला पगार कोन देतंय? त्याचं काम अंडी घालायचं. त्याला कशाला हवामान खात्यात भरती करतोस?"

सगळे हसायचे आणि नाना पुन्हा फळ्याकडे वळायचे.

आमचं गाव मुरगूडच्या पुढं. तिथल्या दूध संस्थेत मी चौदा वर्षं दुधाचं फॅट काढायला होते. नाना माझ्या सासऱ्यांचे दोस्त. त्यांची नोकरी पाटबंधारे खात्यात, तलावावर झाली. पावसाळ्यात रोज सकाळी पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळा मापाच्या रेषेवर आणून बघायचं आणि वहीत लिहायचं, हे त्यांनी पंचवीस-तीस वर्षं केलं. निवृत्त झाले तेव्हा बायको आधीच गेलेली होती, एकुलती एक मुलगी कबनूरला दिलेली. रिकाम्या घरात बसून करायचं काय, म्हणून सकाळी सहाला डेअरीत येऊन बसायचे. डेअरीच्या भिंतीवर एक फळा होता. पशुखाद्य आलंय, उद्या जनावरांना लस आहे, असलं काहीबाही आम्ही त्याच्यावर लिहायचो. एके दिवशी नानांनी त्यावर हवामान लिहिलं. त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. हळूहळू पशुखाद्य कोपऱ्यात गेलं आणि सगळा फळा नानांचा झाला.

सरकारी संदेश त्यांच्या मोबाइलवर यायचा. मोबाइल दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेला, पिशवीला रबर. तो सोडवायला त्यांना एवढा वेळ लागायचा की माझे दोन कॅन भरून व्हायचे. मग चष्मा कपाळावरून नाकावर. मग ओठ हलवत वाचणं. वाचून झालं की बाहेर जाऊन निपाणीच्या दिशेला एकदा बघून यायचे, कारण आमच्याकडं वळीव त्या अंगानं उठतो. एवढं सगळं झाल्यावर खडू. सदऱ्याचा खिसा कायम पांढरा असायचा. मी एकदा म्हटलं, नाना, खडू डबीत ठेवा की, तर म्हणाले, "खिशाला काय लगीन लागायचं हाय व्हय?"

वरची ओळ संदेशातली, जशीच्या तशी. 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता.' त्याखाली रेघ, आणि रेघेखाली नानांचं मराठी. 'हरभरा उपटून टाकलाय त्यांनी आज गोळा करा. उभा आहे त्यांनी दोन दिवस थांबा. कडब्याची गंजी झाका.' लोक खालचंच वाचायचे. वरचं कुणाच्या बापाला कळत नव्हतं, आणि मलाही.

"नाना, तुरळक म्हंजे नेमकं कुनाच्या रानात?" पांडू हमखास विचारायचा. कावळ्यावाल्यांचा हा पुढारी.

"तुझ्या."

"माझ्याच कशावरनं?"

"तुझ्याच रानात हाय असं समजून झाक. न्हाय पडला तर दुसऱ्याच्या नशिबाचा हुता म्हन."

त्यांचं एक म्हणणं होतं आणि ते त्यांनी डेअरीत निदान शंभरदा तरी ऐकवलं असेल. "यील म्हनलो आन आला न्हाय, तर हसा मला. न्हाय म्हनलो आन आला, तर जोड्यानं मारा." हे बोलताना ते अजिबात हसायचे नाहीत.

एका फाल्गुनात, शिमगा नुकताच झालेला, संदेश दुपारी बारा वाजता आला. गारपीट. सकाळी ज्यांनी फळा वाचला होता ते सगळे रानात, गावात म्हातारी माणसं आणि कोंबड्या. मी म्हटलं, देवळाच्या भोंग्यावरून सांगू. पण नेमकी वीज नव्हती. अडुसष्ट वर्षांचा हा माणूस सायकल काढून रानोमाळ निघाला. जो खळ्यावर दिसेल त्याला ओरडून सांगत, न थांबता पुढे. ओढ्यापाशी चाक पंक्चर झालं तर सायकल बाभळीला टेकवून चालत गेले. तिन्हीसांजेला परत आले ते गुडघा फोडून घेऊनच. पाठोपाठ गारा आल्या. बहुतेकांचा हरभरा ताडपत्रीखाली गेलेला होता. राहिला तो पांडूचा, कारण पांडूच्या मते आभाळात तसं चिन्ह नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो भिजलेल्या हरभऱ्याचं घमेलं घेऊन डेअरीत आला आणि नानांच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, "घ्या, भिजवायचं काम वाचलं. उसळ करा." नानांनी खरंच उसळ केली आणि त्यालाच बोलावून खायला घातली.

असा माणूस गावाला मिळाला होता, आणि गावानं त्याचं काय करावं? चेष्टा. गावं तशीच असतात. त्यात आमचं तर पहिल्या नंबरचं.

झालं ते असं. आमच्या देवीची जत्रा चैत्रात. पहिल्या दिवशी गोडा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी खारा म्हणजे मटणाचा, आणि त्या दुपारी कुस्त्यांचं मैदान. घराघरांत पै-पावणं, चुलीला विसावा नाही. एका वर्षी मैदानाच्या दिवशी सकाळी नानांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'दुपारनंतर वादळ, विजा. कुस्त्या लवकर उरका. झाडाखाली थांबू नका.' पाहुण्यांनी ते वाचलं. लांबच्या गावचे लोक जेवून लगेच गाड्यांना लागले, दोन चांगले पैलवान आलेच नाहीत, आणि मैदानात माणसांपेक्षा जिलेबीवाले जास्त झाले. आभाळातून मात्र थेंब पडला नाही. असं ऊन, की हलगीवाल्यांच्या कपाळावरून घाम ठिबकत होता.

पुढं वर्षभर नानांना कुणी सुखानं जगू दिलं नाही. लग्नाच्या मांडवात विचारायचे, "नाना, छत्री घिऊ काय?" कडक उन्हात पोरं पोतं डोक्यावर घेऊन त्यांच्या समोरून पळायची. "हसा की," नाना म्हणायचे, "हसा म्हनून मीच सांगितलंय." पण त्यांना लागलं होतं. लिहिता लिहिता थांबून ते मागं वळून बघायचे, कोण कोण आहे ते.

पुढची जत्रा आठवड्यावर आली तेव्हा जत्रा कमिटीचे चौघे डेअरीत आले. उद्धटपणे नाही, चांगलं बोलले. "नाना, जत्रंच्या दोन दिसांत फळ्याला हात लावू नगा. द्येवीचं काम हाय. पावणं येत्यात, त्यात अभद्र नगं." नानांनी माझ्याकडं बघितलं. मी लिटरच्या मापात डोकं घातलं. नाना म्हणाले, "बरं." आदल्या दिवशी शाळेच्या पोरींनी रंगीत खडूंनी फळा भरून टाकला. 'जत्रेनिमित्त सर्व पाहुण्यांचे हार्दिक स्वागत.' भोवती फुलं, वर कळस.

आता मंगलबद्दल सांगायला पाहिजे. मंगल म्हणजे रंगरावची बायको. दोन म्हशी, दोन एकर रान, शाळेत जाणाऱ्या दोन मुली. रंगराव फार बोलणारा नाही, आणि त्याच्या वाटणीचंही मंगलच बोलायची. डेअरीत दूध घालायला तीच यायची, रांगेत पहिली. तिला वाचता येत नव्हतं. कॅनमध्ये दूध ओतलं की पदराला हात पुसत फळ्यासमोर उभी राहायची. "नाना, आज काय?" आणि नाना तिला सगळं वाचून दाखवायचे, वरची ओळसुद्धा. तिला वरची ओळ आवडायची. 'मेघगर्जनेसह' हा शब्द ती दोनदा म्हणवून घ्यायची आणि हसायची. "कसं भारदस्त वाटतंय की न्हाय वो, सुमनताई?" मला म्हणायची.

गोड्या नैवेद्याच्या दिवशी सहा वाजता नाना आले. पिशवीतून मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. "सुमन, ह्यात विजा हायत बघ. दुपारनंतर. आपला तालुका हाय."

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतंय आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मी म्हणाले, "राहू दे की हो नाना एक दिवस. मागच्या साली काय झालं, विसरलात काय?"

त्यांनी मोबाइल पुन्हा गुंडाळला, रबर लावलं. तेवढ्यात मंगल आली. दूध ओतलं, हात पुसले, फळ्यावरची फुलं बघितली. "नाना, आज काय?"

"आज जत्रा," नाना म्हणाले. "जा, पोळ्या कर."

"व्हय की. अकरा पावणं हायत," मंगल म्हणाली आणि घाईनं गेली. ती वळल्यावर नानांनी तिला हाक मारायला तोंड उघडलेलं मी पाहिलं. पण पुढचं माप माझ्यासमोर आलं होतं, आणि नानांनी तोंड मिटलं.

चार वाजता निपाणीकडनं आभाळ उठलं. बायका नैवेद्याची ताटं घेऊन देवळाच्या रांगेत उभ्या होत्या. दहा मिनिटं वारा, मग पाऊस, आणि विजेचा एकच असा कडाका की देवळातले दिवे गेले. अर्ध्या तासात ऊनसुद्धा पडलं. कुणीतरी धावत येऊन कमिटीच्या माणसाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि हलगी थांबली. मंगल म्हशींना वैरण आणायला रानात गेली होती. दुसऱ्या दिवशी खाऱ्या नैवेद्याच्या धावपळीत जमणार नाही, म्हणून दोन दिवसांची आजच. पाऊस आला तशी ती बांधावरच्या आंब्याखाली थांबली.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून तिला आणलं. मी तिचा चेहरा पाहिला. त्याविषयी मी लिहिणार नाही.

लोक म्हणायला लागले, द्येवीच्या जत्रंत मरान आलं, पुन्यवान बाई. दहा दिवस हेच ऐकू येत होतं. नाना एकदा ते ऐकून उठले आणि काठी आपटत घरी गेले. त्याच्या आधी, तिसऱ्या दिवशी सकाळी, त्यांनी ओलं फडकं घेऊन पोरींची सगळी फुलं, कळस, स्वागत पुसून काढलं होतं. त्यानंतर त्यांनी फळ्याला हात लावला नाही. मृग गेला, पावसाळा गेला, दिवाळी झाली. फळ्यावर पुन्हा पशुखाद्य आलं. नाना यायचे, बसायचे. दूध घालायला आता रंगराव येत होता. तो दिसला की नाना उठून मागच्या दारानं बाहेर जायचे, तो गेला की परत येऊन बसायचे. वर्षभर हे मी बघितलं.

गावात असा संदेश फक्त नानांनाच येतो, अशी आमची दोघांची समजूत होती. त्या दिवशी तो आला होता हे तेवढं आम्हा दोघांनाच ठाऊक. माघ संपता संपता नाना मला म्हणाले, "सुमन, मी रंगरावला सांगनार हाय."

"काय सांगणार?"

"की मला म्हाईत हुतं. आन मी तिला पोळ्या कर म्हनलो."

मी चिडले. खरं म्हणजे घाबरले होते, पण मी घाबरले की चिडते. म्हटलं, "सांगून ती येणार आहे का परत? त्यानं देवाला सोपवून दिलंय, कशीबशी घडी बसवलीय. तुम्ही तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून त्याची मोडणार?"

नानांनी मोबाइलच्या पिशवीचं रबर काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाले, "तो द्येवाला दोष द्यालाय. द्येवाचा काय संबंध? लोकांनी माझं सोडून द्येवाच्या नावावर घातलंय ते." आणि मग, "तू येतीस काय संगं? मला एकट्याला धीर हुईना."

गेले. नाही म्हणायला माझ्याकडं तोंड कुठं होतं?

फाल्गुनातली दुपार होती. रंगराव शाळूची काढणी आटपून कडब्याच्या पेंढ्या बांधत होता. आंबा तिथंच होता, एका अंगानं जळलेला, दुसऱ्या अंगाला मोहर. आम्हाला बघून रंगरावानं हातातली पेंढी खाली ठेवली. "या नाना. ताई, या. बसा की सावलीला." सावली म्हणजे खोपीची. आंब्याकडं तो बघतही नव्हता.

नाना बसले नाहीत. उभ्यानंच सांगितलं. सकाळी सहाचा संदेश, विजा, कमिटी, पोळ्या. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी मध्ये बोलले, मीच राहू दे म्हणाले होते, असं. रंगरावानं माझ्याकडं बघितलं, मग नानांकडं. पुन्हा पेंढी उचलली आणि बांधायला लागला. गाठ आवळून मारली.

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला. "माझ्या बी मोबाइलवर आलतं ते."

"तुझ्या बी?" नानांनी विचारलं.

"धाकटीनं वाचून दावलं की. मी म्हटलं, फळ्यावर हाय काय बघून ये. ती पळत जाऊन बघून आली. न्हाय म्हनली, फुलं हायत. मग म्हटलं, नानांनी लिवलं न्हाय म्हंजे आपल्याकडं न्हाय. मीच म्हटलं मंगलला, जा, इळा घे आन पटकन वैरण घिऊन ये." त्यानं दुसरी पेंढी ओढली. "धाकटी अजून इचारती, आप्पा, मी नीट बघितलं न्हवतं काय? तिला म्हटलं, बघितलंतंस बाळ. नीटच बघितलंतंस."

एवढं बोलून तो खोपीत गेला आणि तांब्या घेऊन आला. नानांच्या हातात दिला. "पानी प्या. उनाचं आलाय." आणि मग अगदी सहज, रागाचा एक कण नसलेल्या आवाजात, "परत लिवत जावा की नाना. लोकं फळ्याकडं बघत्यात अजून."

नानांना ते पाणी प्यायला जमलं नाही. हनुवटीवरून सगळं सदऱ्यावर सांडलं. मी तांब्या धरला. त्या वेळी मला वाटलं, या माणसानं आम्हाला शिव्या द्याव्यात, ढेकूळ उचलून मारावं, काहीही करावं, पण असं पाणी देऊ नये.

परतीच्या वाटेवर नाना दोनदा बांधावर बसले. दुसऱ्यांदा बसले तेव्हा म्हणाले, "सुमन, किती जनांच्या मोबाइलवर आलं असंल गं ते?"

 बऱ्याच जणांच्या आलं असणार. आणि त्यातल्या किती जणांनी फळ्याकडं बघून मोबाइल खिशात टाकला असेल, याचा हिशेब नाना त्या बांधावर बसून करत होते, हे मला दिसत होतं.

पाडव्याला मुलगी येऊन त्यांना कबनूरला घेऊन गेली. जाताना ते डेअरीत आले नाहीत. पुढं माझीही नोकरी सुटली आणि मी मुलाकडे कळंब्याला राहायला आले. मंगलच्या मुलींशी माझं फोनवर बोलणं होतं. धाकटी आता बारावीला आहे.

नानांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या चैत्रात. कबनूरला जावयाच्या घरी, पुढच्या खोलीत चार माग, मागे दोन खोल्या. मागांच्या खडखडाटात बोलणं ओरडून करावं लागत होतं, म्हणून आम्ही फारसं बोललोच नाही. नाना खूप वाळले होते. मला त्यांनी ओळखलं, हात हातात धरला. मुलीनं चहा केला. ती सांगत होती, "खायला-प्यायला कायबी तकरार न्हाय त्यांची, ताई. फकस्त दुपारच्याला जरा त्रास देत्यात." काय त्रास, ते तिनं सांगितलं नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला नाना उठले आणि मागच्या अंगणात गेले. मी त्यांच्या मागोमाग गेले. चार घरांना मिळून एक अंगण, आडवेतिडवे दोर आणि दोरांवर चार घरांची धुणी. आभाळ निरभ्र होतं, नावालाही ढग नाही, फरशीवर पाय ठेववत नव्हता. नाना दोरावरचे कपडे काढायला लागले. आधी मुलीचे, मग शेजारच्यांचे. सदरे, परकर, लहान मुलांच्या चड्ड्या, सगळं ओलं, पाणी टपकणारं. एकेक काढून खांद्यावर टाकत होते. शेजारीण दारात आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "अवो आजोबा, आत्ता तर घातलीत वो ती! कुठं हाय पाऊस?"

"उद्या वाळत्याल," नाना म्हणाले. "आत ऱ्हावा तुमी. पोरीस्नी आत घ्या."

ती मोठ्यानं हसली आणि आत गेली. नाना पुढच्या दोराकडं वळले. तिथं एक जाड चादर होती, ती काही त्यांना एकट्याला पेलेना. इतकी वर्षं त्यांच्याशी वाद घातलेली बाई मी, त्या दिवशी पुढे झाले. चादरीचं दुसरं टोक धरलं, आणि आम्ही दोघांनी मिळून ती ओलीच्या ओली घरात नेली.